हौद बुजवण्याआधी

बाबा : हळू. अगं, हळू! झाडू नाहीये तो, चिमे.

चिमी : हळूच चाललंय, बाबा. याच्यापेक्षा हळू म्हणजे थांबणं.

बाबा : मग थांबल्यासारखंच कर. तळाचा गाळ पिठासारखा झालाय. जोरात ढकललंस की उडणार, सगळं पाणी गढूळ होणार. मग तो परत खाली बसेपर्यंत आपण काठावर बसून राहायचं.

चिमी : तुम्ही बसलेलेच आहात.

बाबा : गुडघा नवा बसवलाय म्हणून. नाहीतर या व्हॅक्यूमला तुला हात लावू दिला नसता.

चिमी : दातांची डॉक्टर आहे मी. दिवसभर लोकांच्या तोंडात ओढणारी नळी धरून उभी असते. नळी कशी धरायची ते मला शिकवू नका.

बाबा : तोंडात गाळ नसतो.

चिमी : तुम्ही माझे पेशंट पाहिले नाहीत.

बाबा : बरं. आता दांडा तुझ्याकडे ओढ. सावकाश. बघ, मागे कसा निळा पट्टा उमटला. पुढचा पट्टा त्याच्यावर थोडा चढव, म्हणजे मधे रेघ राहत नाही. आणि ते खालचं डोकं तळावरून उचलू नकोस. उचललंस की नळीत हवा शिरते, ओढ तुटते, आणि परत सगळी नळी पाण्याने भरत बसावं लागतं.

चिमी : एक विचारू?

बाबा : विचार.

चिमी : उद्या सकाळी तो माणूस येणार. पाणी सोडून देणार आणि ट्रकभर माती आत टाकणार. ज्याला बुजवायचं त्याला आज आंघोळ कशाला?

बाबा : मी तेवढंच मागितलं होतं. एकदा पूर्ण साफ करायचा, मग काय ते करा. तू हो म्हणालीस.

चिमी : म्हणाले, कारण तुम्ही दुसऱ्या कशालाच तयार नव्हता. बाबा, तुम्ही इथे एकटे. काठी घेऊन चालता. पाय सरकला आणि आत गेलात तर कुणाला कळणार? तुम्हाला तर पोहताही येत नाही.

बाबा : जन्मात आलं नाही.

चिमी : मग? एका घरात एक झालं तेवढं पुरे नाही का?

मावशी : चहा आणलाय. कुणी आभार मानू नका, मला सवय नाही.

बाबा : ये, धाकटे. खुर्ची ओढ. पाइपवर पाय देऊ नकोस.

मावशी : पाइप कसला, अजगर आहे नुसता. भावोजी, हे काय हो? हॉस्पिटलातून आलात त्या दिवशी हिरवं शेवाळ होतं इथे, बेडूक उड्या मारत होते. आता तळ दिसतोय!

बाबा : औषध टाकून सगळं खाली बसवलं. आता ते बसलेलं ओढून बाहेर टाकायचं. अर्धा झालाय, खोल बाजू राहिली.

मावशी : हौद म्हणायची आमची ताई. एवढा मोठा स्विमिंग पूल, टाइल्स लावलेला, आणि ही म्हणणार हौद. जणू भांडी घासायला बांधलाय.

चिमी : मावशी, माझा कप तिथेच ठेव. हात ओले आहेत.

मावशी : ओलेच असणार. तुला काय, पाणी दिसलं की झालं. दिवस कसला आहे, घरात काय झालंय, ते बघायचं कारण नाही.

चिमी : हे आता काय होतं?

मावशी : काही नाही. चहा गार होईल.

चिमी : नाही, आज सांगच. आई गेल्यापासून तू माझ्याशी अशीच वागतेस. फोन केला की हो-नाही. घरी आले की तुला नेमकं बाहेर काम. मी काय घोडं मारलंय तुझं?

मावशी : ज्याचं त्याला माहीत.

चिमी : मला माहीत नाही! मला काहीच माहीत नाही, मला इथे कुणी काही सांगतच नाही—

बाबा : चिमे! दांडा! उचललास बघ... गेलं. सगळा धुरळा वर आला.

चिमी : सॉरी.

बाबा : हवा शिरली. पंप नुसता घरघरतोय, जळेल. धाकटे, तुझ्या मागे ते बटण आहे. लाल. बंद कर.

मावशी : हे?

बाबा : हं. बस. आता कुणी पाण्याला हात लावू नका. खाली बसू दे ते.

चिमी : किती शांत झालं एकदम.

बाबा : पंप सतत चालू असला की त्याचा आवाज आहे हे आपण विसरतो. बंद झाल्यावर कळतं की होता. रेडिओत रेकॉर्डिंग करायचो तेव्हा आधी रिकामी खोलीच रेकॉर्ड करायचो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते.

मावशी : झालं यांचं कानपुराण सुरू. मी तीनदा हाक मारली की एकदा ओ देतात.

चिमी : बाबा, मला एक विचारायचंय. आजपर्यंत विचारलं नाही. उद्या हे सगळं बुजलं की परत कधीच विचारणार नाही.

बाबा : त्या सकाळचं?

चिमी : तुम्ही स्वयंपाकघरात होता. ते काय, तिथे. दार उघडं. मी इथून तुमचा कपसुद्धा बघू शकते. आई पाण्यात होती. डॉक्टर म्हणाले तिचं हृदय पोहता पोहता थांबलं, आणि तिला बाहेर काढलं त्याच्या बऱ्याच आधी ती गेलेली होती. बराच वेळ, बाबा. एवढा वेळ तुम्ही आत काय करत होता?

मावशी : चिमे, गप्प बस. त्या माणसाने सोसलंय ते पुरे आहे.

बाबा : नाही, विचारू दे. तिचा हक्क आहे. चहा केला. पेपर उघडला. एक पान वाचलं असेल, मग दुसरं. मधे उठून ब्रेड भाजला. तिच्यासाठीही भाजला.

चिमी : आणि एकदाही बाहेर डोकावला नाही?

बाबा : गरज वाटली नाही. ती पोहत होती.

चिमी : ती पोहत नव्हती, बाबा.

बाबा : मी ऐकत होतो ना. हात पडत होते पाण्यावर. एक, दोन, तीन, मग श्वास. परत एक, दोन, तीन. तुझ्या आईचे हात मला कुणी हजार लोकांच्या पोहण्यात ऐकवले तरी मी ओळखेन. उजवा जरा उशिरा पडायचा. पाणी कापल्यासारखा नाही, थोपटल्यासारखा. मी दुसरा कप ओतला, म्हटलं आज बाई थकत कशी नाही. मग ब्रेड गार होतोय हे सांगायला दारात आलो. दारात येईपर्यंत आवाज येत होता. पायरीवर पाऊल टाकलं आणि थांबला. आणि ती तिथे होती, खोल बाजूला, पालथी. हात दोन्ही बाजूला सैल. पाण्यावर एक तरंग नव्हता, चिमे. आरसा होता नुसता.

चिमी : म्हणजे... तुम्ही आलात त्या क्षणीच...

बाबा : मीही तेच धरून बसलो होतो. डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, शक्य नाही, शरीर गार पडलं होतं. तुम्हाला वेळेचं भान राहिलं नसेल, असं म्हणाले. चांगला माणूस होता, समजावून सांगितलं. मी मान हलवली. पण मग इतका वेळ मी ऐकत होतो ते काय?

चिमी : हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?

बाबा : काय सांगायचं? बायको बुडत होती आणि मला ती पोहताना ऐकू येत होती? लोक काय म्हणाले असते ते सोड. तू काय म्हणाली असतीस?

चिमी : बाबा, हे बघा. असं होतं माणसाला. माझ्याकडे पेशंट येतात, दात काढून महिना झालेला असतो आणि म्हणतात तोच दात दुखतोय. हिरडीला सवय असते. मेंदूलाही असते. रोज सकाळी तो आवाज यायचा, त्या दिवशीही तुमच्या डोक्याने तो लावला असेल.

बाबा : तो नसलेला दात, पेशंटला दुखत नसतो का मग?

चिमी : ...दुखतो.

मावशी : भावोजी.

बाबा : काय गं? रडू नकोस, धाकटे. मी तुला दुखवायला सांगितलं नाही हे.

मावशी : रडत नाहीये. ताई वळायची कशी? म्हणजे खोल बाजूच्या भिंतीशी आली की?

बाबा : थांबायची. खांदा धरायचा तिचा. भिंतीला हात लावून एक-दोन क्षण नुसती तरंगायची, मग पायाने रेटा द्यायची. तेवढी गॅप पडायची आवाजात.

मावशी : गॅप पडायची.

बाबा : हो. का?

मावशी : चिमे, तू आलीस कधी?

चिमी : आज? सकाळी.

मावशी : आज नाही गं. ताई गेली तेव्हा. तू या घरात पाऊल टाकलंस ते कधी?

चिमी : दुसऱ्या दिवशी. दुपारी. सकाळचं विमान मिळालं नाही. मी विमानतळावर बसून होते, वेड्यासारखी सगळ्यांना फोन करत होते.

मावशी : सकाळी नव्हतीस?

चिमी : नव्हते. काय झालं? मावशी, तुझा चेहरा असा का झालाय?

मावशी : मी त्या रात्री इथेच होते. वरच्या खोलीत, खिडकी हौदावर उघडते ती. सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. कुणीतरी पोहत होतं. सावकाश, मजेत, मधेच थांबत. मला वाटलं, चिमी आली आणि उतरली पाण्यात. आईला नेऊन एक रात्र नाही झाली, आणि पोरगी त्याच पाण्यात पोहतेय.

चिमी : अगं, कसं शक्य आहे—

मावशी : मला इतका संताप आला ना, मी बाहेर बघितलंसुद्धा नाही. खिडकी धाडकन लावून घेतली. गोळी घेतली, डोक्यावर पांघरूण घेऊन परत झोपले. उठून खाली आले तर तू समोर. केस ओले.

चिमी : प्रवासातून आले म्हणून आंघोळ केली होती!

मावशी : मला काय ठाऊक? मी मनात म्हटलं, हिने लाज सोडली. आणि तेव्हापासून तुझ्याशी सरळ बोलवेना मला. तुझ्या आईसारखे डोळे तुझे, ते बघितले की आणखी राग यायचा. चिमे, मी खिडकी लावून घेतली गं. ती होती आणि मी तोंडावर खिडकी लावली.

चिमी : मावशी. ये इकडे. बस. पाणी पी आधी. बाबा, ऐकलंत ना?

बाबा : इतके दिवस मला वाटत होतं, माझेच कान फिरले.

चिमी : म्हणजे त्यानंतरही? त्या दिवसानंतर?

बाबा : रोज नाही. पण बऱ्याचदा. उजाडताना, मी चहा ठेवला की. बाहेर जायचो नाही. गेलो की थांबतं. म्हणून आतच बसायचो, कप धुवायचो, आणि ऐकायचो. भीती म्हणशील तर पहिल्यांदा वाटली. नंतर भीती एकाच गोष्टीची राहिली.

चिमी : कशाची?

बाबा : थांबण्याची. तिला घाण पाणी चालायचं नाही. पानं पडलेली दिसली तरी कपाळाला आठ्या. म्हणून मी रोज हा व्हॅक्यूम काढून बसायचो. तू फोनवर म्हणायचीस ना, बाबा, कुणी पोहत नाही मग एवढं कशाला झिजता? म्हणून झिजत होतो. मग गुडघा गेला. हॉस्पिटलातून आलो तर हौद हिरवा. त्या सकाळी चहा केला, बसलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. बेडूक तेवढे.

मावशी : म्हणून साफ करून मागितलात.

बाबा : एकदा ऐकायचंय. मग टाका माती. मी आडवा येणार नाही, चिमे, शब्द देतो. पण न सांगता तोंडावर माती टाकायची, हे मला जमलं नसतं.

चिमी : मला नाही पटत हे. खरंच नाही पटत. तुम्ही दोघंही दुःखात होता. पण... गाळ बसलाय का खाली?

बाबा : बसला असावा. तो कोपरा बघ, दिसतोय तळ.

चिमी : नळी परत भरायची ना? कशी भरू?

बाबा : ते भिंतीतून पाणी बाहेर सोडणारं तोंड आहे ना, त्याच्यावर नळीचं टोक घट्ट धर. धाकटे, बटण. आता पाणी नळीत शिरेल आणि खालच्या डोक्यातून बुडबुडे निघतील. सगळे बुडबुडे संपू देत.

मावशी : मी धरते नळी. तू दांडा घे, चिमे.

चिमी : राहू दे मावशी, तुझे कपडे भिजतील.

मावशी : भिजू देत. मला धरू दे. माझ्या हाताला काहीतरी काम दे, नाहीतर मी इथे बसून विरघळेन.

बाबा : संपले बुडबुडे. आता ते टोक पाण्यातून वर न काढता त्या शोषणाऱ्या भोकात बसव. पाण्याखालूनच. शाब्बास. लागली ओढ. चल, खोल बाजूला घे.

चिमी : इथेच होती ती?

बाबा : तिथेच. जरा डावीकडे.

चिमी : बाबा, मी इथे नव्हते. तुम्हाला इतकं बोलले, मनातल्या मनात तर त्याहून जास्त. खरं म्हणजे मला वेळेवर पोचता आलं नाही त्याचा राग होता तो. कुणावर तरी काढायचा होता.

बाबा : दांडा सावकाश. बोलता बोलता हात पळतो तुझा.

चिमी : हो.

मावशी : दिसायला लागलं बघ. त्या निळ्या टाइल्स ताईने निवडल्या होत्या. दुकानदाराचा जीव खाल्ला होता तिने. हा निळा नको, तो निळा नको. शेवटी तो म्हणाला, बाई, तुम्हीच रंगवून घ्या.

चिमी : हे मला माहीतच नव्हतं.

मावशी : बरंच काही सांगायचं राहिलंय तुला. राग धरून बसले होते ना.

(दुसऱ्या दिवशी, नुकतंच उजाडलेलं. स्वयंपाकघर. हौदाकडचं दार उघडं. मावशी दारात उंबऱ्यावर बाहेर तोंड करून, बाबा आत टेबलाशी.)

मावशी : दिवा नको लावूस.

चिमी : नाही लावत. चहा घ्या. बाबा, तुम्ही झोपला होता का?

बाबा : पडलो होतो. धाकटे, तिथे गारठा आहे, आत बस.

मावशी : मी इथेच बरी. आणि मी बाहेर बघणार नाही, डोळे मिटून बसलेय. बाहेर गेलं की थांबतं म्हणालात ना, म्हणून बघायचंही नाही.

चिमी : बाबा, आणि नाही आलं काही ऐकू, तर?

बाबा : तर तो माणूस आला की दार उघडून दे त्याला.

चिमी : मला तुमची काळजी वाटतेय.

बाबा : श्श.

चिमी : काय?

बाबा : काही नाही. पक्षी होता.

चिमी : हे बघा, मी माझ्यापुरतं सांगते. मला फ्रिज ऐकू येतोय. लांबून एक गाडी गेली. आणि मावशीचं नाक.

मावशी : सर्दी झालीये मला, काल तुझी नळी धरून.

चिमी : म्हणून म्हणतेय, आत ये. मावशी? मावशी, मी तुझ्याशी बोलतेय.

मावशी : हं.

चिमी : काय झालं? बाबा, ती अशी ताठ का बसलीये? ... बाबा?

बाबा : बोलू नकोस.

चिमी : मला काहीच येत नाहीये ऐकू. पाणी स्थिर आहे. मी इथून बघतेय, काही हलत नाहीये. तुम्ही डोळे उघडा ना जरा. बाबा, तुमचं बोट...

बाबा : असू दे.

चिमी : तुम्ही बशीवर बोट आपटताय. एक, दोन, तीन. आणि मावशीचा पाय... मावशी, तुझा पाय हलतोय. तू यांच्याकडे पाठ करून बसलीयेस, तुला दिसत नाहीये यांचं बोट. एक, दोन, तीन. तुम्ही दोघं... आता थांबलात. दोघंही. एकदम थांबलात.

मावशी : भिंतीशी आली.

बाबा : हं.

चिमी : परत सुरू झालं. एकाच वेळी. अरे देवा. बाबा, मला का नाही येत ऐकू? मी तिची मुलगी आहे. माझ्यासाठी का नाही?

बाबा : रडू नकोस. इकडे ये, माझ्याजवळ बस. तू कधी काठावर बसून तिचं पोहणं ऐकलंयस? चालता येत नव्हतं तेव्हापासून तिने तुला पाण्यात घेतलं. ती पोहायची तेव्हा तू पाण्यात, तिच्या बाजूला. बाहेर आम्ही. आवाजाची ओळख आमची. तुझी दुसरी काहीतरी असेल.

चिमी : मी उतरले तर ती थांबेल?

बाबा : मला नाही माहीत, बाळा. मी कधी उतरलो नाही.

मावशी : चिमे, तुझा फोन वाजतोय. घे आधी, घालव तो आवाज.

चिमी : हॅलो. हो, मीच बोलतेय. निघालात? नका निघू. ट्रक भरला असेल तरी नका आणू... उद्याही नको. मी कळवते म्हणजे... नाही, कळवणार नाही, नकोच आहे माती. हो, मीच सांगितलं होतं, नुसता पडून आहे म्हणून. पण तसं नाहीये. जरा हळू बोला हो, मलाही हळूच बोलावं लागतंय. अहो, वापरात आहे हौद.